सुरीच्या मुठीतली राळ

मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या पाहुण्यांनी कटलेटवर सुरी दाबली आणि मूठ त्यांच्या हातात राहिली. पातं कटलेटमध्ये उभं. टेबलावर आठ माणसं होती, आठांच्याही देखत हे झालं. पाहुण्यांनी आधी मुठीकडे पाहिलं, मग बोटांकडे. बोटांना काहीतरी काळपट, चिकट लागलं होतं. ते हसून म्हणाले, "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड." मी लगेच दुसरी सुरी पुढे केली, तर तिची मूठ माझ्याच हातात गोल फिरली. ती मागे घेतली आणि तिसरी दिली. सतरा वर्षांच्या नोकरीत एकाच पाहुण्यापुढे तीन सुऱ्या धरायची वेळ पहिल्यांदा आली ती त्या दुपारी.

साल अठ्ठावन्न. यवतमाळला एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर मी बेअरर होतो. बेअरर म्हणजे टेबल मांडणारा, वाढणारा आणि नंतर काचसामान, चांदी सांभाळणारा. स्वैपाक करतो तो खानसामा. लोक दोघांना एकच समजतात आणि मला अजूनही त्याचा राग येतो. मला भात शिजवता येत नाही. पण बारा माणसांचं टेबल डोळे मिटून मांडून देईन, आणि एकही काटा तिरका दिसला तर नाव बदलीन.

चांदी आणि डिनर सेट दोन्ही आधीच्या गोऱ्या मॅनेजरचे. तो विलायतेला परत जाताना आमच्या साहेबांनी ते विकत घेतले. मीही त्याच्याकडूनच आलो. विसाव्या वर्षी त्याच्याकडे लागलो, त्याच्या खानदानी बटलरच्या हाताखाली शिकलो. साहेब बदलले, पण चांदी ठेवायचं कपाट, म्हणजे साइडबोर्ड, तोच आणि त्यातली फ्लॅनेलची पिशवीही तीच. डिनर सेट बोन चायनाचा होता, कडेला सोन्याची बारीक रेघ. बोन चायना म्हणजे चिनी मातीत जनावरांच्या हाडांची राख घालून केलेली भांडी. उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. साहेबांच्या आई राळेगावहून येत, त्या मोठ्या सोवळ्याच्या. हाडांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

पाहुणे गेले आणि साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. नागपूरला शिकलेला, सुधारक. आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा क्लबात चारचौघांत आमची बाजू घेतलेली. मला घरात वाढायला ठेवलं म्हणून नातेवाइकांशी भांडलेलासुद्धा. पण त्या दिवशी त्यांची मान खाली गेली होती, आणि साहेब लोकांची मान खाली गेली की ती कोणाच्या तरी डोक्यावर आपटते.

"सुखदेव, उकळत्या पाण्यात टाकल्या ना सुऱ्या?"

"नाही साहेब. सुऱ्या मी पाण्यात बुडवतच नाही."

"मग काय वाऱ्यानं निघाली मूठ?"

"मले दोन दिवस द्या साहेब. पाहून सांगतो."

"रविवारी डायरेक्टर येऊन राह्यले. तोवर सुऱ्याही ठीक पाहिजे अन् कारणही पाहिजे. नाहीतर तू फॅक्टरीत जा कापसाच्या गाठीवर मार्का मारायला. तुझ्या हातून आता हे नाजूक काम होत नाही, असं मी समजेन."

बंगल्याची नोकरी गेली की बंगल्यामागची खोलीही जाणार होती. तिथे माझी म्हातारी आई, बायको आणि तीन वर्षांची मुलगी राहत. पण खरं सांगतो, खोलीपेक्षा मला ते शेवटचं वाक्य जास्त लागलं. माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, हातच होते.

आता सुरीबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चांदीचा चमचा आणि काटा भरीव असतात. सुरीची मूठ मात्र पोकळ. चांदीच्या दोन पातळ कवच्या डाख देऊन जोडतात, म्हणजे झाळतात. आत राळ भरतात, आपल्याकडे पोकळ पाटल्यांत लाख भरतात तशी. पात्याला मागे एक लांब दांडी असते, ती त्या गरम राळेत खुपसतात. राळ थिजली की पातं पक्कं. म्हणून सुरी धुताना फक्त पातं ओल्या फडक्याने पुसायचं. मूठ गरम पाण्यात गेली की राळ मऊ पडते आणि पातं हलायला लागतं. बटलरने पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं होतं, तेही कान धरून.

जेवणघराशेजारच्या पॅन्ट्रीत बसून मी बाराच्या बारा सुऱ्या टेबलावर मांडल्या. चार हलत होत्या. एकीची मूठ शिवणीवर उकलली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची उघडी पडली होती. मी स्वतःवरच संशय घेतला. गेल्या सहा महिन्यांतली सगळी जेवणं आठवली. कधी घाईत टबात पडली असेल का? एकही वेळ आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच सुऱ्या फडक्यात बांधून सराफ्यात गेलो. गणपत सोनार म्हणजे जुना माणूस. दागिन्यापेक्षा मोडतोडीत त्याला जास्त रस. त्याने भिंग लावलं, उकललेल्या मुठीतून टोचणीने राळेचा खडा काढला आणि वास घेतला.

"सुखदेवा, हे पाण्याचं काम नोहे."

"मग?"

"पाण्यानं राळ मऊ होते, काळी होत नाही. हे उकळली हाय. उकळून फुगली अन् मूठ फोडून भाईर आली. अन् हे पाह्य." त्याने पात्याचं बूड माझ्यासमोर धरलं. मुठीला लागून बोटभर जागेत पोलादावर निळी-पिवळी झाक होती. "पोलाद निळं कायनं पडते? विस्तवानं. कोणी सुऱ्या निखाऱ्यावर धरून राह्यलं तुमच्या बंगल्यात."

"बंगल्यात सुऱ्या कोण भाजन, काका?"

"मी काय सांगू? तुह्या घरची वांगी भाजत असशीन तर तूच सांग." आणि स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला.

मी हसलो नाही. ती निळी झाक मला आधी का दिसली नाही? महिनोन्‌महिने मी त्या सुऱ्या पुसत होतो. मुठी चकचकीत केल्या, पात्याची धार पाहिली, मधली जोडाची जागा कधी नीट पाहिली नाही. ती चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

परत येताना आणखी एक गोष्ट आठवली आणि मी रस्त्यातच थांबलो. चांदी मी खडूच्या पुडीने घासतो. वस्त्रगाळ पूड, थोडं स्पिरिट, मऊ फडकं. काट्याच्या दातांच्या फटीत पूड अडकते, ती काडीने काढावी लागते. गेले काही महिने, जेवणानंतर मी चांदी पुसून कुलपात ठेवायचो आणि पुढच्या वेळी काढताना काट्यांच्या फटीत पूड सापडायची. आपलीच पूड राहिली असं समजून मी काडी फिरवायचो. पण खडूची पूड पांढरी असते. काडीला लागायची ती करडी. राख होती ती.

साइडबोर्डच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी बाईसाहेबांच्या.

म्हणजे चोर सापडला होता. संन्याशाला फाशी द्यायचीही तयारी झाली होती, आणि संन्यासी मीच होतो. संताप आला. बाईसाहेब पंचविशीच्या, अबोल. मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. पण कुळाचार म्हटलं की विटाळलेली धातूची भांडी विस्तवावरून काढून शुद्ध करून घेतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या गावात पाटलाच्या घरी कोणी आमच्यापैकी चुकून तांब्याला हात लावला तर तो तांब्या जाळात जायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. चिनी मातीचं तसं नाही. ती विस्तवानेही शुद्ध होत नाही, म्हणून ती घरात घेतच नाहीत. डिनर सेट स्वैपाकघरात न नेता बाहेरच्या कपाटात ठेवायचा, हा बाईसाहेबांचा हुकूम होता. सेट फुटू नये म्हणून असेल, असं मी इतके दिवस समजत होतो. बाईंना बोन चायनाची किती काळजी, असं कौतुकही केलं होतं बायकोजवळ.

तडक साहेबांकडे जायचं ठरवून मी खोलीवर कपडे बदलायला गेलो. आई दारात जवारी निवडत बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि माझे पाय जरा मंदावले.

छप्पन्न साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत येऊन देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवाचा मुखवटा उठवलेले चांदीचे पत्रे, गावच्या नदीत सोडले. पाच होते. चार सोडले गेले. पाचवा आईने ठेवून घेतला हे मला वर्षभराने कळलं, जवारीच्या डब्यात हात घातला तेव्हा. मी तिच्यावर ओरडलो होतो, शेजारीपाजारी गोळा होतील एवढ्याने. ती शांतपणे म्हणाली होती, "सोडले रे बाप्पा, सगळे सोडले. पण पोरीले ताप आला का मले भेव वाटते. भेव काई नदीत सोडता येत नाई." त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो.

आणि बाईसाहेबांचं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन गेलं होतं, गेल्या वर्षी. आता तीन महिन्यांची मुलगी होती. सगळे तिला बेबी म्हणत. तिला गुटी द्यायचा कॉफीचा लहान चमचा आमच्या चांदीतलाच.

मी साहेबांकडे गेलो नाही. साहेब फॅक्टरीत गेल्यावर पॅन्ट्रीच्या दाराशी उभा राहिलो आणि बाईसाहेबांना बोलावलं. स्वैपाकघराचा उंबरा मी ओलांडत नसे, त्या पॅन्ट्रीत आल्या. मी फडकं उघडून सुऱ्या दाखवल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेबाले सांगतलं तुम्ही?"

"नाही."

"मी चिमट्यात धरून निखाऱ्यावरून काढत होते. चमच्याले काई होत नाई, काट्याले होत नाई. सुरीले असं होईन हे मले काय माहीत?"

"बाईसाहेब, लाखेच्या पाटल्या चुलीत टाकाल काय तुम्ही?"

"कायले टाकीन? लाख वितळन ना."

"सुरीची मूठ तशीच हाय. पोकळ. आत राळ हाय."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग खालच्या आवाजात सांगायला लागल्या. सासूबाई राळेगावहून आल्या की या घरात पाणी पीत नाहीत. पहिलं मूल गेलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, दहा लोकांच्या तोंडातले चमचे घरात फिरतात, लेकरू कसं जगेल. तेव्हापासून प्रत्येक जेवणानंतर बाईसाहेब चांदी निखाऱ्यावरून काढत होत्या.

"मले खरं वाटते असं नाई, सुखदेवभाऊ. पण खोटं आहे असंबी म्हनता येत नाई. काई झालं तर?"

मी गप्प बसायला पाहिजे होतं. बेअररने विचारू नये असं ते होतं. पण मी विचारलं. "बाईसाहेब, पाहुण्याचं उष्टं जाळून राह्यले होते का माहा हात?"

त्या सुऱ्यांकडे पाहून म्हणाल्या, "खोटं काहून बोलू? तुमचाबी."

मला लागलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लागतं. सतरा वर्षं ज्या चांदीला मी पोटच्या पोरीसारखं जपलं, तिच्यावरून माझा हात धुऊन काढायला विस्तव लागत होता. उलट बोलायला तोंडावर शब्दही आले होते. पण त्या बाईने मला खरं उत्तर दिलं होतं. क्लबातली कितीतरी गोड माणसं मी जवळून पाहिलीत, त्यांच्यापैकी कोणी दिलं नसतं.

मी कामाचं बोललो. "चमचे-काटे भरीव हायेत. मनाले बरं वाटत असन तर उकळत्या पाण्यातून काढा, ते सोसते. सुऱ्याले फक्त पुसायचं."

"अन् मंग सुऱ्याचं कसं?"

"सुऱ्या लेकराच्या तोंडात जात नाही, बाईसाहेब."

त्या किंचित हसल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

मी निळं पातं आणि राळेचा खडा पुढे ठेवला. "विस्तव लागला साहेब. सोनाराले दाखवलं. दुरुस्त होतात. रविवारच्या आत देतो म्हणाला."

"विस्तव? कोणी लावला?"

"मी नाही लावला."

"ते नाही विचारलं मी. कोणी लावला?"

"ते मी नाही सांगत."

साहेबांचा आवाज चढला. "चांदी तुझ्या ताब्यात. किल्ली तुझ्याजवळ. सांगत नाहीस म्हणजे तूच. उद्यापासून फॅक्टरीत..."

"किल्ली माह्याजवळबी हाय," दारातून आवाज आला. बाईसाहेब बेबीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. "सुऱ्या मी भाजल्या."

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "मी बाहेर जाऊन लोकांना सांगत फिरतो, शिवाशीव सोडा, आणि माझ्याच घरात..."

"तुमचे भाषनं भाईर होते," बाईसाहेब म्हणाल्या. "लेकरू घरात असते."

बेबी रडायला लागली. साहेबांनी हात पुढे करून मुलीला घेतलं. मी राळेचा खडा उचलला आणि मागच्या मागे निघून आलो. नवरा-बायकोच्या मध्ये ट्रे घेऊनसुद्धा उभं राहू नये, हेही बटलरनेच शिकवलं होतं.

गणपत सोनाराने जुनी राळ गाळून काढली, नवी राळ विटेच्या पुडीत कालवून भरली, पाती बसवली, उकललेली मूठ नव्याने झाळली. रविवारी डायरेक्टर आले, जेवले, गेले. सुऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्या धंद्यात शाबासकी म्हणतात ती हीच. फॅक्टरीत पाठवायची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही. माफीही मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी साइडबोर्डची दुसरी किल्ली घेऊन पॅन्ट्रीत आले आणि म्हणाले, "ही पण तुझ्याजवळच ठेव." मी घेतली नाही. म्हणालो, "बाईसाहेबांजवळच असू द्या."

घरी मी जवारीच्या डब्यातून आईचा टाक काढला. काळा पडला होता. खडूच्या पुडीने घासला, फ्लॅनेलने पुसला आणि जिथे होता तिथे ठेवला. माझा विश्वास बसला म्हणून नव्हे. तो मी सोडला तो सोडलाच. पण आईवर ओरडलो ते चुकलंच होतं. तिने पुढे कधी डबा उघडला असेल तेव्हा तिला कळलंच असणार.

तीन-चार महिने गेले. बेबीचं उष्टावण आलं, म्हणजे बाळाला पहिला घास भरवायचा दिवस. राळेगावहून सासूबाई आल्या. हॉलमध्ये पाट मांडला. स्वैपाकघरातून निखाऱ्यांची शेगडीही आणून जवळ ठेवली होती, कशासाठी ते मला माहीत होतं. मामाने अंगठीने खीर चाटवली. मग बाईसाहेबांनी पॅन्ट्रीकडे पाहून हाक मारली, "सुखदेवभाऊ, चमचा आणा."

मी साइडबोर्डमधून तोच लहान चमचा काढला. सकाळीच घासून, पुसून ठेवला होता. तळहातावर घेऊन हॉलमध्ये गेलो. सगळे नातेवाईक बसलेले. सासूबाईंनी चिमटा उचलला आणि सुनेपुढे हात केला. "दे इकडं. विस्तवावरून काढून देतो."

बाईसाहेबांनी माझ्या तळहातावरून चमचा उचलला. तो हातात धरून त्यांनी शेगडीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी चमचा खिरीत बुडवला.

"राहू द्या आई," त्या म्हणाल्या. "पुसलेला हाय."

आणि त्यांनी बेबीला घास भरवला.

बेबी आता स्वतः आजी झाली आहे. लोक मला अजून विचारतात, घरी चांदीची निगा कशी राखावी. सांगतो. खडूची वस्त्रगाळ पूड, फ्लॅनेलचा तुकडा आणि कोरडा हात. कोणाचाही चालतो. विस्तव लागत नाही.